ही तर बिनपाण्याची हजामत!

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या केळी पट्ट्यातला शेतकरी क्विंटलमागे दहा रुपयांसाठी व्यापाऱ्याशी हुज्जत घालतो. कटती किती धरली, वजन कुणाच्या काट्यावर झाले, भाव आजचा की कालचा, हे तो तीन-तीनदा विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. त्याच शेतकऱ्याच्या घरातून दर महिन्याला हजार-दीड हजार रुपये एका चकचकीत डबीपायी निघून जातात, तेव्हा मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. डबीत काय आहे, किती आहे, पोरीला त्याची गरज आहे की नाही, याची चौकशी शून्य. केस दाट होतील, कांती उजळेल, नखे तुटायची थांबतील, एवढ्या तीन वचनांवर सौदा उरकतो. या सौद्याला आम्ही त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणार आहोत. ही लूट आहे. दिवसाढवळ्या, पक्क्या बिलावर, कायद्याच्या नाकावर टिच्चून चाललेली लूट आहे.

संध्याकाळी कोणत्याही गावातल्या मेडिकलच्या काउंटरपाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. दिवसभर केळीच्या बागेत खपलेली एखादी बाई येते, पदराची गाठ सोडते आणि म्हणते, ‘‘भाऊ, पोरीचे केस लय गयतात. काही गोयी असीन तं द्या.’’ भाऊंचा हात सवयीने फळीवर जातो. ‘‘ही द्या ताई. पण तीन महिन्यांचा कोर्स पूर्ण करा, मधे सोडू नका.’’ संपले. पोरीचे वय काय, पाळीत अंगावरून जास्त जाते का, मागच्या दोन-तीन महिन्यांत टायफॉइड, डेंग्यू किंवा चिकुनगुनिया होऊन गेला का, रक्त कधी तपासले होते, यातला एकही प्रश्न निघत नाही. निदानाच्या आधी इलाज, आणि इलाजाच्या आधी बिल!

त्या ‘तीन महिन्यां’तच या धंद्याची सगळी करामत दडलेली आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा जबर मानसिक धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळू लागतात. दुसरे काही कारण नसेल तर ही गळती पुढच्या सहा महिन्यांत बहुधा आपोआप थांबते आणि नवे केस येतात. बाई दुकानात येते ती गळतीचा कहर असताना. गळती ओसरते तेव्हा डबी संपत आलेली असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, आणि ‘आमच्या वहिनीला फरक पडला’ ही फुकटची जाहिरात गावभर फिरते. डोक्यावरून रोज 50 ते 100 केस गळणे ही निरोगी माणसाचीही रीत आहे, हे तिला कुणी सांगत नाही. सांगितले तर डबी खपणार कशी?

आता ती डबीच हातात घेऊ. पुढच्या बाजूला पाठमोरी तरुणी, कमरेपर्यंत रुळणारे केस. शेजारी ठळक आकडा : बायोटिन 10,000. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि त्याखाली ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. पुढची बाजू बाईसाठी, मागची बाजू वकिलासाठी! आणि तो आकडा? 10,000 मायक्रोग्रॅम म्हणजे अवघे 10 मिलिग्रॅम. पण 10 लिहिले तर गिऱ्हाईक दिपत नाही, म्हणून एकक बारीक करून शून्ये वाढवली. मोठ्या माणसाची बायोटिनची रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅमची. ती शेंगदाणे, डाळी, अंडी अशा साध्या जेवणातून भागते. गरजेच्या अडीचशे-तीनशे पट माल गळ्यात मारायचा, आणि शरीराने तो लघवीवाटे बाहेर टाकला की पुढची डबी विकायची, असा हा बेत आहे.

निदान याने केस तरी वाढतात का? नखांसाठी बायोटिनची ख्याती झाली ती घोड्यांच्या आणि डुकरांच्या खुरांवरच्या प्रयोगांतून. माणसांवरचा पुरावा संशोधकांनी 2017 साली एकत्र करून पाहिला, तेव्हा केस किंवा नखे सुधारल्याच्या नोंदलेल्या 18 केसेस हाती लागल्या. त्या सगळ्यांना मुळातच काही ना काही आजार किंवा दोष होता. निरोगी माणसाचे केस बायोटिनने दाट होतात, याला धड पुरावा नाही. उलट धोका मात्र पक्का आहे. बायोटिनचा मोठा डोस रक्ताच्या काही तपासण्या चुकवतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2017 मध्येच दिला. हृदयविकाराचा झटका ओळखण्याची ट्रोपोनिन तपासणी त्यामुळे खोटी कमी येऊ शकते, आणि अशा चुकीच्या अहवालानंतर एक रुग्ण दगावल्याची नोंदही त्या इशाऱ्यात होती. थायरॉइडचा अहवालही असाच उलटासुलटा येऊ शकतो. आता गंमत पाहा : केस गळण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे थायरॉइडचा बिघाड. म्हणजे जी गोळी केसांसाठी घ्यायची, तीच केस गळण्याचे खरे कारण झाकून ठेवणार! चोराला पहारेकरी नेमावे, त्यातला हा प्रकार झाला.

दुसरा आरोपी कोलॅजेन. डबा मोठा, किंमत मोठी, तोरा त्याहून मोठा. कोलॅजेन हे कातडी, हाडे, माशांचे खवले यांपासून काढलेले प्रथिन. पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांसारखेच तुटते. त्यातला कण न् कण थेट चेहऱ्यावर जाऊन सुरकुती बुजवत बसेल, ही कल्पना जाहिरातवाल्याच्या डोक्यातली. 2025 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 23 चाचण्यांचा आणि 1,474 व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर त्वचेला फायदा दिसतो. पण कंपन्यांच्या पैशावर न झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तर फायदा गायब! चांगल्या दर्जाच्या चाचण्यांतही तेच. ज्याचा पैसा, त्याच्या बाजूचा निकाल. आमच्या भागात तर याला आणखी एक पदर आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या घरात, जिथे अंड्याचे टरफलही उंबरठा ओलांडत नाही, तिथे गाईगुरांच्या कातड्याची किंवा माशांच्या खवल्यांची भुकटी दुधात घोटून दिली जाते, कारण डबीवरची मांसाहाराची खूण कुणी पाहिलेलीच नसते. ‘शाकाहारी कोलॅजेन’ अशीही एक बतावणी बाजारात आहे. वनस्पतींत कोलॅजेन नसतेच. जे नाही ते शाकाहारी कसे आणि मांसाहारी कसे?

तिसरा आरोपी ग्लुटाथिओन, आणि याच्याबद्दल आम्हाला सर्वांत जास्त चीड आहे. केस गळतात म्हणून गोळी मागणाऱ्या आईची निदान काळजी खरी असते. ग्लुटाथिओन मात्र विकले जाते ते पोरगी काळी आहे या भीतीवर. लगीनसराई तोंडावर आली, बघण्याचा कार्यक्रम ठरला, की ‘स्किन व्हाइटनिंग’च्या गोळ्या घरात येतात. हे द्रव्य आपले यकृत स्वतःच तयार करते. तोंडाने घेतलेल्याचा बराचसा भाग पोटातच मोडतो. थायलंडमध्ये 60 वैद्यकीय विद्यार्थ्यांवर चार आठवडे त्याची चाचणी घेतली आणि शरीराच्या सहा जागी रंग मोजला. ठोस म्हणावा असा फरक दिसला तो दोनच जागी. एवढ्याशा भांडवलावर गोरेपणाचा बाजार उभा राहिला. सूर्याखाली राबणाऱ्या बापाच्या पोरीला तिचा रंग हा आजार आहे असे सांगणारा हा धंदा विज्ञानाच्या कसोटीवर नापास आहेच, माणुसकीच्या कसोटीवर तो त्याहून नापास आहे.

चौथा आरोपी सर्वांत साळसूद दिसतो : ‘हेअर-स्किन-नेल’ची सर्वसमावेशक गोळी. जस्त, सेलेनियम, अ-जीवनसत्त्व, ई-जीवनसत्त्व, जे सापडेल ते तिच्यात कोंबलेले. ‘जीवनसत्त्वच आहे ना, फायदा नाही झाला तरी नुकसान कसले?’ हे वाक्य आम्ही शिकल्यासवरल्या तोंडून ऐकले आहे. नुकसान ऐका. जस्त दीर्घकाळ जास्त घेतले की शरीरातले तांबे घटते आणि रक्तक्षय होतो. अ-जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला की केसच गळतात, आणि गरोदरपणात तर गर्भाला धोका पोहोचतो. राहता राहिले सेलेनियम. त्याचे काय होते हे पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसा आणि शेगावला उतरा.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. डोके खाजायचे, हात लावला की केस हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान पोरे, कॉलेजच्या मुली, म्हातारी माणसे, कुणी सुटले नाही. 18 गावांत 279 रुग्णांची नोंद झाली. आधी शाम्पूवर खापर फुटले, मग विहिरीच्या पाण्यावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी जगाला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतः नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम प्रचंड वाढलेले आणि जस्त घटलेले त्यांना आढळले, आणि त्यांनी बोट दाखवले ते पंजाबकडून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे. 2025 च्या एप्रिलमध्ये त्याच भागात लोकांची नखे वाकडी होऊन गळू लागली. आधी केस, मग नखे! ज्या दोन गोष्टींसाठी सेलेनियम डबीत घालून विकतात, नेमक्या त्याच दोन गोष्टी सेलेनियमच्या अतिरेकाने जातात. अमेरिकेत 2008 साली तर एका पूरक द्रवातच हे घडले. बाटलीवर लिहिल्यापेक्षा सुमारे 200 पट सेलेनियम त्यात पडले आणि 201 जणांना बाधा झाली. केस गेले, नखे ठिसूळ झाली. शेगावच्या बिचाऱ्यांनी तर रेशनचे धान्य पोटासाठी खाल्ले, त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. आम्ही मात्र पदरचे पैसे मोजून, न मोजता तेच द्रव्य पोटात ढकलतो. याला काय म्हणावे?

आणि हे अडाण्यांचे काम म्हणावे तर तसेही नाही. केळीचे पान पिवळे पडले की सावद्याचा शेतकरी डोळे मिटून खत टाकतो का? करपा आहे का, सीएमव्ही विषाणू आहे का, मुळांना सूत्रकृमी लागली का, पाणी साचले का, हे तो आधी पाहतो. मग माती तपासतो, पान तपासतो. जस्त कमी निघाले तर जस्त, बोरॉन कमी निघाले तर बोरॉन, तेही मापाने, कारण बोरॉन थोडे जास्त झाले तरी पानाच्या कडा जळतात हे त्याला ठाऊक असते. एवढा जाणता माणूस, आणि घरातल्या लेकीच्या बाबतीत माती न तपासता पोते ओततो! केळीच्या झाडाला मिळणारी अक्कल पोरीच्या वाट्याला येऊ नये?

कमतरता नाही असे आम्ही म्हणतच नाही. कमतरता आहे, आणि ती भयानक आहे. फक्त ती डबीवर छापलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. दोघींतली एक! लोह कमी पडले की केस गळतात, चेहरा पांढुरका पडतो, नखे पातळ होतात आणि पुढे चमच्यासारखी खोलगट होतात. केस, त्वचा, नखे! जाहिरातीतले तिन्ही शब्द एकट्या लोहाच्या कमतरतेत जमा होतात. आणि त्यावरची गोळी सरकार फुकट देते. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी आठवड्याला एक निळी गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गरोदर बाईसाठी लाल गोळी. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने 2018 पासून गाजावाजा चालू आहे. ती निळी गोळी किती मुली गिळतात आणि किती शाळेमागच्या नालीत जातात, हे प्रत्येक शाळेने छातीवर हात ठेवून सांगावे. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून पोरी घाबरतात. हे होणारच, भिऊ नका, जेवणानंतर घ्या, लिंबू पिळून खा, तासभर तरी चहा पिऊ नका, एवढे समजावून सांगायला कुणी नाही. फुकटची खरी गोळी नालीत आणि हजाराची खोटी गोळी पोटात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मग कायदा काय करतो? कायदा आहे, आणि चांगला आहे. औषध नियमावलीच्या ‘जे’ अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे की टक्कल बरे करणे, नवे केस उगवून देणे, त्वचा गोरी करणे असा दावा कोणत्याही औषधाला करता येणार नाही. म्हणून हे चतुर लोक औषधाच्या दारातून येतच नाहीत. ते अन्नाच्या दारातून येतात. 14 अंकी अन्न परवाना घेतला की कारखान्यात माल ‘अन्न’, काउंटरवर तोच माल ‘कोर्स’. अन्नाच्याही जाहिरातीत दिशाभूल केली तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड आहे. 2019 च्या ग्राहक कायद्याने फसव्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्या नटनट्यांनाही दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केले तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये या मंडळींची जबाबदारी जाहिरातदाराइतकीच असल्याचे बजावले. मोबाइलवर दर दुसऱ्या रीलमध्ये केस झटकणाऱ्या एखादीला तरी याची झळ लागलेली दिसते का? खव्यात भेसळ सापडली की अन्न व औषध प्रशासनाची गाडी धावते, फोटो छापून येतात. मग डबीवरच्या खोट्या दाव्यापुढे हेच प्रशासन हातावर हात ठेवून का बसते? भेसळ मालात असली तरच ती भेसळ, आणि शब्दांत असली तर तो व्यापार, असा काही नवा नियम निघाला आहे काय?

औषध विक्रेत्यांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. फार्मसीची पदवी-पदविका भिंतीवर टांगलेली आहे ती शोभेसाठी नाही. किराणा दुकानदाराने साबण विकावा तशी तुम्ही गोळी विकणार असाल, तर ते प्रमाणपत्र उतरवून ठेवा. जे डॉक्टर तपासणी न करता चिठ्ठीच्या शेवटी एक ‘मल्टी’ आणि एक ‘हेअर टॅब’ सवयीने लिहितात, त्यांनीही आपल्या शपथेची आठवण ठेवावी. आणि आपण? लोह, ब-12, ड-जीवनसत्त्व, थायरॉइड यांपैकी जे खरोखर बिघडले असेल त्यावर डॉक्टरांनी दिलेले औषध नेमाने घ्यायचे नाही, कारण त्याच्या डबीवर लांब केसांची बाई नसते, आणि शेजारणीने सांगितलेला डबा मात्र हौसेने आणायचा, हा दोष आपलाच आहे. केळी खाऊन टक्कल जाते असे सांगून आम्हीही कुणाला फसवणार नाही. पण बाजरीची भाकरी, वरण, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, वर लिंबाची फोड, आणि ज्यांना चालते त्यांना अंडे, हे ताट रोज भरलेले असेल तर निरोगी पोरीला त्या डबीची गरज उरत नाही. ताट भरलेले असूनही केस गळत असतील, तर रक्त तपासायची वेळ झाली आहे. आणि रक्तक्षय निघालाच, तर नुसत्या भाजीवर विसंबू नका. तिथे लोहाची गोळीच लागते.

आमच्या मागण्या साध्या आहेत. जळगाव आणि धुळ्याच्या अन्न व औषध प्रशासनाने केस, त्वचा, नखे यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डबीचे दावे तपासावेत, नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत आणि निकाल कंपनीच्या नावासह जाहीर करावेत. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ डबीच्या दर्शनी बाजूवर, मराठीत, ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. जिल्हा परिषदेने प्रत्येक शाळेत मुलींचे हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासावे आणि निळी गोळी शिक्षकांसमोर, जेवणानंतर दिली जाते की नाही याची जाहीर नोंद ठेवावी. रक्त तपासणाऱ्या प्रत्येक लॅबने नमुना घेण्याआधी ‘बायोटिनची गोळी चालू आहे का?’ हा एक प्रश्न विचारावा. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. लागते ती फक्त खुर्चीवरून उठण्याची तयारी.

आणि वाचकहो, प्रशासन उठेपर्यंत तुम्ही थांबू नका. पुढच्या वेळी काउंटरवर डबी पुढे सरकली की ती उलटी करा, मागची बारीक अक्षरे दुकानदाराकडूनच मोठ्याने वाचून घ्या आणि विचारा : भाऊ, हे औषध नाही असे लिहिले आहे, मग कोर्स कशाचा? उत्तर मिळाले नाही तर पैसे परत पदरात बांधा, पोरीला घेऊन सरकारी दवाखाना गाठा आणि आधी तिचे रक्त तपासा.